बारा तारखेचं पाणी

४ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,

आशीर्वाद. दाढीत पांढरे केस आले तरी तू धाकटाच, त्याला माझा इलाज नाही.

फोन करू नकोस म्हणून बजावलं होतं, तरी परवा केलासच. डावा कान गेलेला आहे, उजवा त्याच वाटेवर. तू तिकडून ओरडत होतास आणि मी इकडून "हो, हो" म्हणत होते. मी कशाकशाला हो म्हटलं ते तेवढं कळव. इथून पुढे आपलं पत्रच बरं. ईमेलचंही नाव काढू नकोस, त्याचं काय झालंय ते खाली सांगते.

जानेवारीत येऊन तू आमच्या वृद्धाश्रमाच्या ऑफिसचा कॉम्प्युटर नीट करून गेलास, त्याचं इथे फार कौतुक झालं. आधी एक पान उघडेपर्यंत माझा चहा पिऊन व्हायचा. आता टिचकी मारली की पान हजर. सेक्रेटरी जेवणघरात सगळ्यांसमोर म्हणाले, "बाईंचा भाऊ हुशार आहे हो." मी दिवसभर फुगून फिरत होते.

पण गेले काही दिवस त्याला काहीतरी झालंय. हवामानाचं पान उघडावं तर रोज तीच थंडी, तेच ढगाळ आकाश, आणि बाहेर ऊन भाजतंय. ईमेल जानेवारीतलेच दिसतात. आमचे मास्तर तुला आठवत असतील, चौऱ्याऐंशीचे, माझ्या पाट्यांवरचं शुद्धलेखन लाल पेनानं सुधारतात ते. त्यांना लेकीकडे जायचं होतं. मी कॉम्प्युटरवर बसची वेळ बघून सांगितली. बस वीस मिनिटं आधीच गेली होती, वेळापत्रक बदलून पंधरवडा झालाय म्हणे. मास्तर परत आले आणि कॉम्प्युटरसमोर उभं राहून म्हणाले, "ढ आहे हा. याला मागच्या बाकावर बसवा."

बघ काय करता येईल ते. माझं मुख्य काम तेवढं नीट चाललंय. पाणीपुरवठ्याचा माणूस पूर्वी रोज सकाळी चिठ्ठी घेऊन यायचा. नव्या वर्षापासून ते बंद झालं, आता सहा वाजता त्यांच्या वेबसाइटवर घालतात. साडेसहाला मी बघते. हिरव्या अक्षरात "पिण्यास योग्य" दिसलं की पंपवाल्यांना सांगते आणि ते मोठी टाकी भरतात. अजून एकदाही "अयोग्य" आलेलं नाही. बेचाळीस म्हातारी माणसं आहेत माझ्याकडे, पाण्याचं बघावंच लागतं.

जेवणाच्या वेळा पाळतोस ना?

तुझी,
अक्का

८ फेब्रुवारी

ती. अक्कास,

नमस्कार. तू फोनवर तीन गोष्टींना हो म्हणालीस: तब्येत बरी आहे, गोळ्या वेळेवर घेतेस आणि मे महिन्यात मला पंधरा दिवस ठेवून घेशील. आता मागे फिरायचं नाही.

मास्तरांना म्हणावं, कॉम्प्युटर ढ नाही, आळशी आहे. होतं काय, की ब्राउझर एकदा उघडलेल्या पानाची प्रत आपल्या कपाटात ठेवून देतो. पुन्हा तेच पान मागितलं की बाहेर न जाता कपाटातली प्रत काढून तुझ्यापुढे ठेवतो. तुमची लाइन इतकी रडत चालते, की त्याचा बाहेरचा हेलपाटा वाचवणंच शहाणपणाचं. म्हणून तर पानं टिचकीसरशी उघडतात.

ताजं पान हवं असेल तेव्हा वरच्या पट्टीतलं गोल बाणाचं बटण दाब. किंवा कीबोर्डवर सगळ्यांत वरच्या ओळीत एफ-पाच लिहिलेलं आहे, ते दाब. थोडा वेळ लागेल, लाइन अडली तर पुन्हा दाब. तारीख बदलली की समजायचं ताजं आलं. कायमचा बंदोबस्त मी मे महिन्यात आलो की करीन. तोवर जुनं पान काही चावत नाही.

माझ्याकडे कामाची गर्दी आहे. दुकान एकट्यानं ओढतोय. तीन दवाखान्यांचे कॉम्प्युटर बघायला मिळालेत आणि तिन्ही डॉक्टर खूश आहेत. जेवण वेळेवर होत नाही, खरं सांगतो.

तुझा,
धाकटा

२२ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,

मास्तर गेले.

नीट ओळीनं सांगते, नाहीतर मलाच उलगडत नाही. चौदा तारखेला सकाळी चार जणांना जुलाब सुरू झाले. वाटलं, जेवणात काही आलं असेल. संध्याकाळपर्यंत नऊ झाले, दुसऱ्या दिवशी सोळा. तीस वर्षांत मी असं पाहिलं नव्हतं. चादरी कमी पडल्या, सलाईन लावायला खुंट्या पुरेनात, खिडकीच्या गजांना बाटल्या बांधल्या. सहा जणांना मोठ्या दवाखान्यात हलवलं. पाच परत आले. मास्तर अठराला दुपारी गेले. मी हात धरून होते. घसा कोरडा पडला म्हणून सारखं पाणी मागत होते आणि मी चमच्यानं पाजत होते.

पाणीच होतं ते, धाकट्या. अकराच्या संध्याकाळी वरच्या रस्त्याला खोदकाम करताना पाण्याची मोठी पाइपलाइन फुटली आणि तिच्यात गटाराचं पाणी शिरलं. बाराच्या सकाळी सहा वाजता पाणीपुरवठ्यानं वेबसाइटवर लाल अक्षरात सूचना टाकली होती: टाक्या भरू नका, साठवलेलं पाणी उकळून वापरा. आमची टाकी बाराला सकाळी भरली गेली.

मी पान बघितलं होतं. मला "योग्य" दिसलं होतं. मी आश्रमाच्या कमिटीला तसं सांगितलं, तर सेक्रेटरींनी स्वतःच्या घरी छापून घेतलेला कागद दाखवला. त्याच्यावर लाल सूचना, तारीख बारा. मग म्हणाले, "बाई, तुम्ही इतक्या वर्षांत कधी चुकला नाहीत. पंपवाल्यानं तुम्हाला विचारलंच नसणार. नळाला धार आली बघून त्यानं पंप सुरू केला असेल." पंपवाल्यांना कामावरून थांबवलंय. चौकशी मार्चच्या वीस तारखेला आहे. कदाचित भरलीही असेल त्यांनी न विचारता, त्या सकाळची इतकी घाई होती की मला आता सांगता येत नाही.

तुझं पत्र मिळालं, पण ते चौदाला. तेव्हा सगळं होऊन गेलं होतं.

एकसष्ट वर्षांची झाले. मला दिसतं ते खरं असतं की नाही, असं वाटायला लागलंय. लाल अक्षरं मी हिरवी कशी वाचली?

अक्का

२६ फेब्रुवारी

ती. अक्कास,

पत्र मिळालं. मास्तरांनी माझ्या पावतीवरसुद्धा दोन चुका काढल्या होत्या. फार वाईट झालं.

तू स्वतःला बोल लावून घेऊ नकोस. पाइपलाइन फोडली ती खोदणाऱ्यांनी. सूचना द्यायची ती पाणीपुरवठ्यानं नुसती वेबसाइटवर टाकून हात झटकले. म्हाताऱ्या माणसांच्या घराला एक माणूस पाठवता आला नाही यांना? तुझे डोळे ठीक आहेत. पान जुनं दिसलं असेल, किंवा त्यांच्याकडूनच उशिरा आलं असेल. अशा गोष्टी यंत्रात होतात, त्यात कोणा एकाकडे बोट दाखवता येत नाही. चौकशीत कॉम्प्युटरचा विषय तू आपणहून काढू नकोस, उगाच गुंता वाढेल.

पण पुन्हा असं व्हायला नको, म्हणून पत्र हातात पडलं की लगेच एवढं कर. ब्राउझर उघड. वरच्या पट्टीत "साधनं" असं लिहिलंय, त्यात सगळ्यांत खाली "पर्याय". एक चौकट उघडेल. तिच्यात "साठवलेल्या फाइली पुसा" असं बटण आहे, ते दाब. विचारेल, नक्की का? हो म्हण. मग शेजारच्या "सेटिंग" बटणावर जा. तिथे चार ओळी दिसतील, प्रत्येकीपुढे एक गोल. "प्रत्येक वेळी तपासा" या ओळीपुढच्या गोलात ठिपका ठेव. कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू कर.

हे दुसऱ्या कोणाला करू देऊ नकोस. तूच कर.

जपून राहा.

धाकटा

२ मार्च

चि. धाकट्यास,

तुझं पत्र सकाळी आलं आणि अकरापर्यंत तू सांगितलंस तसं सगळं केलं. आपल्या हातून एवढं झालं याचं मलाच नवल वाटलं. आता हवामान आजचं दिसतं, बसच्या वेळा खऱ्या दिसतात. पाण्याचं पान उघडलं तर तारीख दोन मार्च. मी आता नुसता शब्द वाचत नाही, आधी तारीख वाचते.

उद्या कमिटीचा माणूस कॉम्प्युटर तपासायला येणार आहे. पंपवाल्यांनी सेक्रेटरींना सांगितलं म्हणे, "बाईंचं यंत्र बघा, त्यात काहीतरी असेल." बघू देत. आता ते ठणठणीत चालतंय, त्याला काय सापडायचंय?

एक विचारायचं राहिलं. त्या चार ओळींत ठिपका आधीपासून "कधीच तपासू नका" या ओळीपुढे होता. तो कोणी ठेवला? आमच्या कारकून मुलीला विचारलं, ती शपथेवर सांगते की तिला ती चौकट कुठे असते हेही ठाऊक नाही.

पंपवाल्यांची बायको काल फाटकाशी आली होती. आत ये म्हटलं तर आली नाही. त्यांच्या गल्लीत लोक त्यांना बघून दारं लावून घेतात, म्हणाली. वाण्यानं तोंडावर विचारलं, "किती मारलेत?" ती माझ्याशी भांडायला आली असती तर बरं झालं असतं. ती नुसती उभी राहिली आणि गेली.

अक्का

६ मार्च

ती. अक्कास,

तो ठिपका मी ठेवला.

जानेवारीत आलो तेव्हा तुझी लाइन इतकी हळू होती, की मला निघायच्या आत काहीतरी चमत्कार करून दाखवायचा होता. खरं काम म्हणजे लाइन बदलून घेणं. त्याला आठवडा लागला असता. मी "कधीच तपासू नका"वर ठिपका ठेवला, पानं झटकन उघडायला लागली आणि सेक्रेटरींनी पाठ थोपटली. तू फेब्रुवारीभर जे हिरवं "योग्य" बघत होतीस ते वीस जानेवारीचं होतं. मी निघालो त्या दिवशीचं. तुझे डोळे बरोबर आहेत, अक्का.

तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा मी ते वाचलं आणि हसलो. पाण्याबद्दलच्या ओळी वाचल्या होत्या. त्याच वेळी तार करायला हवी होती. मी बसची गंमत लिहीत बसलो आणि लिहिलं, की जुनं पान चावत नाही.

आता याहून वाईट सांगतो. २६ तारखेचं पत्र मी तुझ्या काळजीनं लिहिलं नाही. मला कळलं होतं. त्या कपाटात वीस जानेवारीचं पान जसंच्या तसं पडलेलं असणार आणि ज्याला थोडंफार समजतं असा कोणीही ते काढून दाखवील, मग माझं नाव निघेल, हे मला दिसत होतं. म्हणून मी तुझ्याच हातून ते पुसून घेतलं. पंपवाल्यांना सोडवणारी तेवढी एक गोष्ट होती आणि ती नाहीशी कशी करायची ते मी तुला ओळीनं समजावून दिलं.

पत्र पेटीत टाकलं आणि मग आठवलं, तिन्ही दवाखान्यांत मी तोच ठिपका ठेवलाय. धावत सुटलो. एका ठिकाणी तपासण्यांचे निकाल जुने दिसत होते, नशिबानं अजून कोणाचं काही बिघडलं नव्हतं. तिघांनाही खरं सांगितलं. दोघांनी काम काढून घेतलं. मला त्याचं काही वाटलं नाही, इतका मी दुसऱ्याच गोष्टीनं भेदरलो होतो. ते पत्र परत घ्यायला टपाल कचेरीतही गेलो होतो. थैली निघून गेली होती.

वीसच्या चौकशीला मी येतो. जे केलं ते तोंडानं सांगतो. तू मला घरात घेतलं नाहीस तर धर्मशाळेत राहीन.

धाकटा

१३ मार्च

धाकट्या,

चार दिवस उत्तर दिलं नाही. पहिले तीन दिवस तुला शिव्या लिहीत होते आणि फाडत होते. आई असती तर म्हणाली असती, अक्के, पोराला एवढं बोलू नकोस. तू पोर नाहीस. पंचावन्नाचा आहेस. तू माझ्या हातून ते पुसून घेतलंस, हे मला अजून गिळता येत नाही. कमिटीचा माणूस आला, त्यानं सगळं तपासलं आणि लिहून दिलं, "यंत्रात दोष आढळला नाही." मी शेजारी उभी होते आणि मनातून खूश होते.

चौथ्या दिवशी मात्र शिव्या लिहायला बसले आणि पेन खाली ठेवलं. कारण मीही तुला खोटं लिहिलं होतं.

तुझं पहिलं पत्र मला चौदाला नाही, अकराला मिळालं. दुपारी वाचलं. बाराला सकाळी साडेसहाला पाण्याचं पान उघडलं आणि तू लिहिलं होतंस म्हणून पहिल्यांदा तारीख बघितली. खाली बारीक अक्षरात वीस जानेवारी. एफ-पाच दाबलं. पान पांढरं झालं आणि तसंच राहिलं. पुन्हा दाबलं. बाहेर चहासाठी रांग लागली होती, दोन आजींना आंघोळ घालायची होती, आणि लाइन काही येईना. मी मागे जायचं बटण दाबलं, हिरवं "योग्य" परत आलं आणि मी स्वतःशी म्हटलं, रोज योग्य असतं, आजही असणार.

पंपवाले दारातच उभे होते. त्यांनी विचारलं. ते रोज विचारतात. सात वर्षांत न विचारता त्यांनी एकदाही पंपाला हात लावला नाही. त्यांनी आणखीही सांगितलं. म्हणाले, "बाई, नळाला आज वास येतोय. थांबू का थोडं?"

मी म्हटलं, "पान योग्य म्हणतंय. तुमच्या नाकाचं काय ऐकायचं? भरा."

ते "बरं बाई" म्हणाले आणि गेले.

सेक्रेटरींनी "त्यानं विचारलंच नसणार" म्हटलं तेव्हा पंपवाले समोर होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी सांगेन अशी त्यांची खात्री होती. मी ऐकू न आल्याचं सोंग केलं. बहिऱ्या बाईचं ते सोपं असतं, लोक दुसऱ्यांदा विचारत नाहीत. पण मी ऐकलं होतं. शब्द न् शब्द ऐकला होता.

तू ये. धर्मशाळा नको. आधी मी बोलणार, मग तू. मी थोरली आहे.

अक्का

१६ मार्च

ती. अक्कास,

पत्र मिळालं. एकोणीसच्या दुपारच्या गाडीनं पोचतो. कमिटीला द्यायचा जबाब लिहून ठेवलाय, दोन पानं झालीत. मी लिहिलेल्या पत्रांच्या प्रती माझ्याकडे नाहीत, तू पत्रं ठेवली असशील तर २६ तारखेचं आणि सहा मार्चचं काढून ठेव. तीच दाखवू. ठिपका कुठे होता आणि कोणी काय पुसायला सांगितलं, ते माझ्याच अक्षरात आहे.

पंपवाल्यांनी तुला वासाचं सांगितलं, हे वाचल्यापासून मी दुकान उघडलेलं नाही.

येतोच.

धाकटा

२ एप्रिल

चि. धाकट्यास,

आशीर्वाद. पोचल्याचं तुझं कार्ड मिळालं. तू गेल्यावर काय झालं ते कळवते.

कमिटीचा निकाल ३१ तारखेला आला. पंपवाल्यांवर कसलाही ठपका नाही, एक तारखेपासून कामावर घेतलं. माझं अधीक्षिकेचं पद काढलं. वॉर्डात नर्स म्हणून राहायचं असेल तर राहा, म्हणाले. मी राहते म्हटलं. किल्ल्यांचा जुडगा दिला तेव्हा कंबर हलकी लागली, बाकी काही नाही. तुला या आवाराच्या कॉम्प्युटरला हात लावायची बंदी आहे. तुझा जबाब पाणीपुरवठ्याकडेही धाडलाय. त्यांचा माणूस कालपासून पुन्हा चिठ्ठी घेऊन यायला लागला.

मास्तरांची लेक चौकशीनंतर जिन्यात भेटली होती, तू तेव्हा बाहेर उन्हात उभा होतास. मी हात जोडले. ती म्हणाली, "मला आत्ता तुमच्याशी बोलता येणार नाही." मी म्हटलं, "नका बोलू." तेवढंच. ती पुढे कधी बोलेल असं मी धरून चाललेली नाही, तूही चालू नकोस. तिला पत्र लिहिण्याबद्दल विचारलं होतंस. लिही, पण माफी मागू नकोस. माफी मागितली की तिला काहीतरी द्यावं लागतं. काय झालं ते लिही.

पंपवाले एकतीसच्या संध्याकाळी आले होते. मला वाटलं, नोकरी नको म्हणून सांगतील. म्हणाले, "काम करीन बाई. पण मला कागद नको. कागद गल्लीत कोण वाचतंय? जेवणघरात सगळे बसतात तेव्हा तुम्ही तोंडानं सांगा. माझी बायको आणि वाणी येऊन ऐकतील."

काल दुपारी सांगितलं. बेचाळीस होते त्यातले एकेचाळीस बसले होते. स्वयंपाकाच्या बायका दारात, कारकून मुलगी, सेक्रेटरी, आणि भिंतीशी पंपवाले, त्यांची बायको, वाणी. मी लिहून नेलं होतं, पण कागद बाजूला ठेवला आणि तसंच सांगितलं. की त्यांनी विचारलं होतं. की त्यांनी वासाचं सांगितलं होतं. की मी ऐकलं नाही, भरा म्हटलं आणि नंतर गप्प बसले. पाठीमागून एक आजोबा ओरडले, "ऐकू येत नाही, मोठ्यानं!" तेव्हा पहिल्यापासून पुन्हा सांगितलं, मोठ्यानं.

दुसऱ्यांदा सांगून झालं तेव्हा मला वाटलं, आता सगळे उठून जातील. कोणी उठलं नाही. वाणी खाली बघत होता. पंपवाल्यांची बायको भिंतीपासून निघाली, वाटेतली एक खुर्ची उचलून माझ्यामागे आणून ठेवली आणि म्हणाली, "बसा."

मी बसले. ती माझ्याशेजारी उभी राहिली आणि वाढणाऱ्या बायकांना म्हणाली, "वाढा की. अन्न गार होतंय."

तुझी,
अक्का